उघाडी

डोंबिवली, आज

डोंबिवली स्टेशनच्या पुलावर आई जिन्याच्या मधल्या टप्प्याला थांबते. एक हात कठड्यावर, दुसरा छातीशी. "तू हो पुढं, मी आलेच," ती म्हणते. मागून चढणारी गर्दी तिच्या दोन्ही अंगांनी फुटून वर जाते, आणि तुमच्या लक्षात येतं की गेले दोन महिने ती रोज इथं थांबत असणार. तुम्ही सोबत नव्हता, एवढंच.

मग रात्री तिला सपाट झोपवेना. एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. घरच्या डॉक्टरांनी स्टेथोस्कोप छातीच्या डाव्या अंगाला लावला, हळूहळू काखेकडं सरकवला, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ ते गप्प राहिले. टूडी इको झाला. पडद्यावरच्या काळ्या पोकळीत, प्रत्येक ठोक्याला, निळ्या-पिवळ्या रंगांचा एक झोत उलट्या दिशेनं उसळत होता.

आज तुम्ही ठाण्यात सर्जनसमोर बसला आहात.

"मायट्रल व्हॉल्व लीक आहे, आणि लीक मोठा आहे," ते सांगतात. "ऑपरेशन लागेल. पण व्हॉल्व बदलायचा माझा विचार नाही. दुरुस्त करू."

या खुर्चीत बसणारे बहुतेक जण जे विचारतात, तेच तुम्हीही विचारता. "बदलूनच टाका ना डॉक्टर. नवीन ते नवीन. दुरुस्त केलेलं किती दिवस टिकणार?"

ते लेटरपॅड उलटं करून चित्र काढतात. एक गोलसर चौकट. तिला दोन झडपा, पुढची लांब, मागची आखूड पण रुंद. झडपांच्या कडांना बारीक दोऱ्या, आणि त्या दोऱ्या खाली स्नायूंच्या दोन खांबांना बांधलेल्या. "फुप्फुसातून आलेलं रक्त इथून खालच्या कप्प्यात उतरतं. कप्पा आवळला की झडपा मिटतात आणि रक्त पुढं शरीरात जातं. दिवसाला साधारण एक लाख वेळा. तुमच्या आईंच्या मागच्या झडपेची एक दोरी तुटलीय. त्यामुळं झडपेचा मधला भाग चौकटीपलीकडं उलटा जातोय, आणि फटीतून रक्त परत फुप्फुसाकडं."

तुमच्या तोंडून आपसूक शब्द निघतो. "उघाडी."

डॉक्टर मान वर करून बघतात. खारजमिनीशी त्यांचा संबंध नसावा. तुमचा आहे. तुमचे आजोबा खाडीकाठी भात पिकवायचे.

परतीच्या लोकलला कळव्याच्या अलीकडं खाडी लागते. ओहोटी आहे. चिखलाचा तो ओळखीचा, खारट, कुजकट वास डब्यात शिरतो. रिपोर्टची फाइल मांडीवर धरून तुम्ही डोळे मिटता. चाकांचा आवाज पुलावर पोकळ होतो, आणि पुन्हा भरीव होतच नाही.

खाडीकाठ, १९५८

पायाखाली गुडघाभर चिखल. समोर बांध, आणि बांधावर उकिडवे बसलेले आजोबा. ते तुमच्यापेक्षा तरुण आहेत. तुम्ही त्यांना दिसत नाही.

बांधाच्या पोटात एक लाकडी चौकट बसवलेली आहे. खाडीच्या अंगाला, वरच्या बाजूनं टांगलेली, एक जाड फळी. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी फळीला बाहेर ढकलतं आणि निघून जातं. भरती चढली की खाडीचंच पाणी फळीला चौकटीवर दाबून धरतं. राखण करायला कुणी लागत नाही. पाणीच दार उघडतं, पाणीच लावतं. हीच उघाडी.

काल रात्री ती गळली. खारं पाणी भातात शिरलंय. आज दिसत नाही, पण चार दिवसांत रोपांची टोकं पिवळी पडतील, आणि जमिनीत मुरलेलं मीठ सहजी निघत नाही. गळती छोटी असली तरी तिचं नुकसान साठत जातं.

शेजारचा कुणी ओरडून सांगतो, उखडून टाका, नवी बसवू. आजोबा मान हलवतात. चौकट उपसायची तर बांध फोडावा लागेल, आणि फोडलेला बांध पहिल्यासारखा बसत नाही. ते पाणी उतरायची वाट बघतात. पाणी असेपर्यंत नुसता खळखळाट ऐकू येतो, गळतंय कुठं ते दिसत नाही. पाणी पूर्ण उतरल्यावर ते खाली उतरतात, आणि हात लावायच्या आधी बराच वेळ नुसते बघतात. फळी चिरली का? चौकट फाकली का? की फळी धरणारा दोर सुटला?

तीन प्रश्न. फळी, चौकट, दोर. ते लक्षात ठेवा. भरतीचं पाणी घोट्यांना लागतंय, आणि ते तुम्हाला आणखी मागं ओढून नेतंय, खाडीनं वर, कल्याणकडं.

कल्याण, १८७४

रेल्वे येऊन वीस वर्षं झाली आहेत. एका वाड्याच्या माजघरात दहा-अकरा वर्षांची मुलगी भिंतीला टेकून बसली आहे. आडवी झाली की गुदमरते, म्हणून बसूनच झोपते. दोन वर्षांपूर्वी तिचा घसा दुखला होता, ताप आला होता. आठवड्यात बरी झाली. पुढं पंधरा दिवसांनी गुडघा सुजला. गुडघा उतरला तर कोपर सुजलं. तेही उतरलं, आणि घरच्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

तुम्ही दीडशे वर्षं पुढून आला आहात, म्हणून तुम्हाला कळतं काय झालं ते. घशात स्ट्रेप्टोकॉकस नावाचा जंतू शिरला. त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज, जंतू संपल्यावर, चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर चालून गेली. सांधे सावरले. झडपा सुजल्या, जाड झाल्या, आकसल्या. याला संधिवाताचा ताप म्हणतात, रुमॅटिक फीव्हर. दाटीवाटीनं एका खोलीत झोपणाऱ्या घरांतून तो जास्त आढळतो.

वैद्य नाडी बघतात, काढा देतात, बाहेर येऊन वडिलांशी हळू आवाजात बोलतात. तुम्ही वाकून मुलीच्या पाठीला कान लावता. दोन ठोक्यांच्या मधे, जिथं शांतता असायला हवी, तिथं फूऽऽस असा लांब आवाज आहे. उघाडीतून पाणी परत येतंय. तुम्हाला ऐकू येतं. करता काहीच येत नाही.

याच गावात, याच वर्षी, जोशी घराण्यातल्या नऊ वर्षांच्या यमुनेचं लग्न होतंय. नवरा गोपाळराव, डाक खात्यातले कारकून. त्यांची अट एकच, बायकोनं शिकायचं. लग्नानंतर यमुनेचं नाव आनंदी होतं. चौदाव्या वर्षी तिला मुलगा होईल, तो दहा दिवस जगेल, आणि वैद्यकीय मदत वेळेवर मिळाली नाही हे ती विसरणार नाही. तिच्या मागोमाग चला.

फिलाडेल्फिया, १८८६ ते १९५३

११ मार्च १८८६. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात कल्याणची आनंदीबाई जोशी साडीत उभी आहे. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांत तिचं नाव लागतं. टाळ्या वाजवणाऱ्यांत पंडिता रमाबाई आहेत.

कल्याणच्या त्या माजघरात तुम्ही नुसता कान लावला होता. आनंदीबाईच्या हाती स्टेथोस्कोप आहे. झडप अरुंद झाल्याचा आवाज कोणता, गळत असल्याचा कोणता, हे तिच्या काळच्या डॉक्टरांना कळतं. इलाज म्हणून मात्र विश्रांती आणि डिजिटॅलिस. रोगाचं नाव सांगता येतं, झडपेपर्यंत हात पोहोचत नाही. आनंदीबाईलाही फार वेळ मिळत नाही. ती क्षयानं खंगत मायदेशी परतते आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी, पुण्यात मरण पावते.

तुम्ही तिच्याबरोबर परतू नका. याच शहरात थांबा, बासष्ट वर्षं.

१० जून १९४८. चार्ल्स बेली नावाचा सर्जन एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या इस्पितळांत ऑपरेशन करायला निघाला आहे. अरुंद झालेली मायट्रल झडप उघडायचा त्याचा प्रयत्न आधीच्या रुग्णांत फसलेला आहे, ते रुग्ण दगावले आहेत, आणि आता त्याला कुठंही ऑपरेशन करू देणार नाहीत अशी वेळ आली आहे. सकाळचा रुग्ण टेबलावरच जातो. बातमी पोहोचून दारं बंद व्हायच्या आत तो दुसऱ्या इस्पितळात जाऊन पोहोचतो.

तुम्ही त्याच्या शेजारी उभे आहात. टेबलावर चोवीस वर्षांची बाई. बरगड्यांमधून छाती उघडलेली, आणि हृदय धडधडतंय. डाव्या वरच्या कप्प्याला कानाच्या पाळीसारखा एक छोटा पिशवीवजा भाग असतो. तो चिमटून, छेद देऊन, बेली त्यातून तर्जनी आत सरकवतो. आत सगळं रक्त आहे, दिसायचा प्रश्नच नाही. जे कळतं ते बोटाच्या टोकाला. चिकटलेल्या झडपांची चीर बोटाला लागते. बोटालगत नेलेल्या छोट्या सुरीनं तो चीर मोकळी करतो. बोट बाहेर येतं, टाका आवळला जातो.

ती बाई वाचते. आठवडाभरात बेली तिला आगगाडीनं शिकागोला नेऊन डॉक्टरांच्या सभेपुढं उभी करतो. त्याच महिन्यात बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्केन आणि सप्टेंबरात लंडनमध्ये रसेल ब्रॉक अशीच झडप उघडतात. लंडनमध्येच हेन्री सुटारनं १९२५ मध्ये एका मुलीच्या हृदयात असं बोट घातलं होतं, मुलगी जगलीही होती, पण पुढं त्याच्याकडं कुणी रुग्णच पाठवला नाही.

पण हे सगळं अरुंद झडपेसाठी. गळणारी झडप बोटानं उघडून काय होणार? ती शिवायला हवी, आणि शिवायची तर दिसायला हवी. आजोबांसारखं पाणी उतरवायला हवं.

६ मे १९५३, हेच शहर. जॉन गिबननं जवळपास वीस वर्षं एका यंत्रावर काढली आहेत. त्यात त्याची बायको मेरी त्याच्या बरोबरीनं राबली आहे. आज अठरा वर्षांच्या मुलीचं रक्त हृदयाला वळसा घालून त्या यंत्रातून फिरतंय, यंत्र त्यात प्राणवायू मिसळतंय. सव्वीस मिनिटं. तेवढ्यात गिबन तिच्या हृदयाच्या पडद्यातलं भोक शिवतो. हृदय उघडं, रिकामं, आणि डोळ्यांना स्पष्ट दिसणारं.

ओहोटी लागली. चार वर्षांनी, १९५७ मध्ये, मिनियापोलिसचे वॉल्टन लिलेहाय अशाच यंत्राच्या मदतीनं गळणारी मायट्रल झडप उघड्या डोळ्यांनी बघून टाके घालतात. फाकलेली चौकट चिमटीत धरून लहान करतात. दुरुस्ती तिथून सुरू होते.

परळ, १९६०

केईएम इस्पितळाच्या व्हरांड्यात एक बाई जमिनीवर बसून आहे. पितळी डबा मांडीशी. पहाटेच्या लोकलनं ती कल्याणहून आलीय. आत तिच्या तेरा वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन चाललंय. परदेशी पुस्तकांत अरुंद झडप हा तिशी-चाळिशीतला आजार असतो. आपल्याकडं तो परकर-पोलक्यातल्या मुलींना गाठतो.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागात अशा मुलींवर बंद हृदयाची शस्त्रक्रिया होते. यंत्र लागत नाही, खर्च कमी, जागा कमी, आणि रुग्णांची रीघ. वरच्या कप्प्यातून बोट. खालच्या टोकाकडून टब्ज डायलेटर नावाचं मिटलेलं हत्यार आत जातं, बोट त्याला झडपेत नेऊन बसवतं, आणि ते उघडलं की चिकटलेल्या कडा सुटतात. पुढं दोन-तीन दशकं या देशात हजारो मुली या एका बोटावर जगल्या. एकट्या वेल्लोरच्या डॉक्टरांनी १९८३ मध्ये अशा ३,७२४ रुग्णांचा हिशेब मांडला.

आज तुम्ही त्या बोटाच्या टोकावर आहात. झडप लागते, पण बोटाला काही वेगळंच जाणवतं. प्रत्येक ठोक्याला खालून वर रक्ताची चिळकांडी बोटावर आपटतेय. झडप नुसती अरुंद नाही, गळतेही आहे. आणखी ताणली तर आणखी गळेल. सर्जन क्षणभर थांबतात. मग जेवढं उघडलंय तेवढ्यावर भागवून बोट काढून घेतात. व्हरांड्यातल्या बाईला सांगतात, "जेवढं करता येण्यासारखं होतं तेवढं केलं." हे शब्द खरे आहेत आणि तिला ते पुरत नाहीत.

याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत अल्बर्ट स्टार यांनी इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्याबरोबर बनवलेली झडप एका रुग्णात बसवली. पिंजऱ्यातला चेंडू. रक्त आलं की चेंडू खाली, कप्पा आवळला की वर. मरणाच्या दारातली माणसं त्या चेंडूवर पुढं कित्येक वर्षं जगली. पण यंत्राच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरते. ती सुटून मेंदूत गेली की अर्धांग. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, आणि ती बरोबर लागू आहे का हे बघायला रक्ताची तपासणी पुन्हा पुन्हा. व्हरांड्यातल्या बाईची मुलगी उद्या मोठी होईल, तिला दिवस जातील. ती गोळी पोटातल्या बाळाला अपाय करू शकते, आणि बंद केली तर आईला धोका. कल्याणच्या किती मुलींनी ही निवड केली असेल याचा हिशेब कुठल्या वहीत नाही.

तरी तो काळ बदलण्याचा होता. १६ फेब्रुवारी १९६८ ला याच इस्पितळात डॉ. सेन, डॉ. जी. बी. परुळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं. रुग्ण काही तासच जगला, पण ती झेप मोठी होती. झडप बदला, अख्खं हृदय बदला. जगभर सगळ्यांचे डोळे तिकडं लागलेले असताना पॅरिसमध्ये एक तरुण सर्जन उलट्या बाजूनं विचार करत होता.

पॅरिस, १९७० नंतर

ब्रूसे इस्पितळ. अलँ कार्पांतिए उघड्या, रिकाम्या, थांबलेल्या हृदयात वाकून बघतो आहे. हातात एक बोथट, बारीक आकडा. तो झडपेचा एकेक भाग आकड्यानं अलगद वर उचलतो, सोडतो, शेजारचा उचलतो. कापत नाही, शिवत नाही. नुसता बघतोय. तुम्हाला बांधाखाली उतरलेले आजोबा आठवतात.

झडप कशानं बिघडली हे नंतर, तो म्हणतो. आधी ती हलते कशी ते बघा. झडपांची हालचाल ठीक आहे, पण चौकट फाकलीय किंवा झडपेला भोक पडलंय, हा पहिला प्रकार. झडप गरजेपेक्षा जास्त हलतेय, दोरी तुटलीय किंवा सैल झालीय, हा दुसरा. झडप पुरेशी हलतच नाही, आखडलीय किंवा खालच्या दोऱ्यांनी ओढून धरलीय, हा तिसरा. चौकट, दोर, फळी. आजोबांचेच तीन प्रश्न, दुसऱ्या भाषेत.

चौकटीबद्दल त्याला आणखी एक गोष्ट कळली होती. आधीचे सर्जन फाकलेली चौकट पिशवीच्या नाडीसारखी आवळायचे. पण निरोगी चौकट गोल नसते, आडवी पसरट असते, आणि फाकताना ती गोल होते. नुसती आवळली तर लहान होते, मूळ आकारावर येत नाही. १९६८ च्या सुमारास त्यानं त्या मूळ आकाराची कडी बनवली आणि चौकटीला टाक्यांनी बसवायला सुरुवात केली. झडपेचा जास्तीचा भाग कापून उरलेल्या कडा जोडायच्या. शेजारची धड दोरी तुटलेल्या जागी आणायची. आणि शेवटी तीन गोष्टी तपासायच्या. झडपा मोकळ्या हलतात ना, मिटताना एकमेकींना पुरेशा रुंदीनं टेकतात ना, चौकट आकारावर आली ना. १९८३ मध्ये त्यानं हे सगळं एका लेखात मांडलं आणि जगातल्या सर्जनांना शिकण्यासारखी एक शिस्त मिळाली.

पुढं इतरांनी भर घातली. टोरांटोत टिरोन डेव्हिड यांनी १९८० च्या दशकात तुटलेल्या दोऱ्यांच्या जागी गोअर-टेक्सच्या धाग्यांच्या दोऱ्या लावल्या. मिलानमध्ये ओत्ताव्हिओ अल्फिएरी यांनी १९९१ मध्ये दोन झडपांच्या कडा मधोमध एकमेकींना शिवून टाकल्या, एका दाराची दोन छोटी दारं केली. त्याच कल्पनेवरून निघालेली क्लिप २००३ पासून मांडीच्या शिरेतून आत नेऊन, छाती न उघडता लावतात, ज्यांना मोठं ऑपरेशन झेपणार नाही अशांसाठी. आणि २००७ मध्ये लास्कर पारितोषिक दोघांना मिळून दिलं गेलं. झडप बदलणाऱ्या स्टार यांना आणि झडप राखणाऱ्या कार्पांतिए यांना. हा न्याय बरोबर होता. दोन्ही हात लागतात.

ठाणे, सकाळी नऊ

ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर तुमच्याशेजारी मुरबाडकडून आलेली एक बाई आहे. तिच्या सतरा वर्षांच्या मुलीचं काल झालं. "तिचा व्हॉल्व बदलावाच लागला," ती सांगते. संधिवाताच्या तापानं झडप चामड्यासारखी कडक झाली होती, दोऱ्या एकमेकींत चिकटून आखडल्या होत्या. सर्जननं आत बघून आधी दुरुस्तीचाच विचार केला. चिकटलेल्या कडा सोडवायच्या, जाड थर सोलायचा, मुलीच्याच हृदयावरच्या आवरणाचा तुकडा जोडून आखूड झडप वाढवायची. पण दुरुस्त करण्यासारखं पुरेसं उरलेलं नव्हतं. आता चकतीची झडप बसवलीय. तिरुअनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेनं घडवलेली अशी भारतीय झडप १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसवली गेली, म्हणून ती गरिबाला परवडण्यासारखी झाली. खर्च महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजनेतून. "वाचली पोर," ती बाई म्हणते. तुम्ही तिचा हात धरता. मुलगी दोन-तीन वर्षं आधी आली असती तर, हा विचार तुमच्या मनात येतो आणि तुम्ही तो बोलत नाही.

दुरुस्तीला वेळ फार महत्त्वाचा. गळणाऱ्या हृदयाचं पंपिंग कागदावर बरेच दिवस चांगलं दिसतं, कारण निम्मं काम उलट्या सोप्या वाटेनं होत असतं. म्हणून मोठी गळती असताना पंपिंग साठ टक्क्यांपर्यंत उतरलं की सर्जन थांबत नाहीत. इतरांच्या बाबतीत ठीक वाटणारा तो आकडा इथं धोक्याचा असतो. आई पुलावर थांबायला लागली तेव्हाच यायला हवं होतं. पण अजून उशीर झालेला नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

दार सरकतं. आता तुम्ही आत आहात, कुणाला न दिसता.

छातीचं हाड करवतीनं मधोमध उघडलंय. रक्त न गोठण्याचं औषध दिलंय. नळ्या जोडल्या आहेत, यंत्र फिरतंय. महाधमनीला चिमटा लागतो आणि पोटॅशियमयुक्त थंड द्रावण हृदयात जातं. आईचं हृदय मंदावतं, एकदा थरथरतं, आणि थांबतं. मॉनिटरवर सरळ रेघ. खोलीत कुणी घाबरत नाही. तुम्ही घाबरता.

पाणी उतरलं.

डावा वरचा कप्पा उघडतात. सर्जन आकडा उचलतात आणि एका टोकापासून सुरू करतात. पुढची झडप, ठीक. मागच्या झडपेचा पहिला भाग, ठीक. मधला भाग आकड्यावर अलगद वर येतो, फाटलेल्या खिशासारखा. त्याखाली तुटलेल्या दोरीचं टोक लोंबतंय, शिवायच्या धाग्याएवढं बारीक. एवढ्याशा दोरीनं आईला पुलावर थांबवलं होतं.

झडपेच्या मधल्या भागातून छोटा त्रिकोण कापतात. कडा बारीक टाक्यांनी जोडतात. मग दोन पांढरे धागे, एक टोक खालच्या स्नायूच्या खांबात, दुसरं झडपेच्या कडेला. गाठ मारायच्या आधी सर्जन धाग्याची लांबी पुन्हा पुन्हा जोखतात. जरा आखूड झाला तर झडप मिटणार नाही, जरा लांब झाला तर पुन्हा उलटी जाईल. मग चौकटीच्या मापासाठी साचे येतात, पुढच्या झडपेवर धरून बघतात. चौकटीभोवती टाके, टाक्यांतून ओवलेली कडी. ती टाक्यांच्या धाग्यांवरून सरकत जागेवर बसते.

आता परीक्षा. मोठ्या सिरिंजनं सलाइन झडपेतून खालच्या कप्प्यात भरतात. सगळे वाकून बघतात. पाणी चढतं, खालून झडपांना दाबतं, दोन्ही झडपा फुगून एकमेकींना टेकतात. भेटीची रेघ हसऱ्या तोंडासारखी वाकडी आणि सलग. एका टोकाला एक थेंब झिरपतो. सर्जन तिथं एक टाका घालतात. पुन्हा पाणी. थेंब येत नाही.

भरती आली, आणि उघाडी बसली.

कप्पा शिवतात, हवा बाहेर काढतात, चिमटा सुटतो. आईचं स्वतःचं कोमट रक्त तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत शिरतं. काही सेकंद हृदय नुसतं थरथरतं. मग एक ठोका. मग दुसरा. अन्ननलिकेतून घातलेल्या इकोच्या पडद्यावर सगळे डोळे लागतात. काळी पोकळी. उलटा झोत कुठंच नाही.

डोंबिवली, चार महिन्यांनी

रक्त पातळ करणारी गोळी तीन महिन्यांनी डॉक्टरांनी बंद केली. आईच्या छातीवर उभी रेघ आहे. पदराआड झाकली तरी गळ्याशी थोडी दिसते. कोणी विचारलं तर ती सांगते, "माझाच व्हॉल्व आहे. नवीन नाही घातला."

आज ती पूल चढतेय. तुम्ही दोन पायऱ्या मागं, हात अर्धवट पुढं धरून. मधला टप्पा येतो. ती थांबत नाही.

घरी येताना शेजारच्या बाई जिन्यात भेटतात. त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा लंगडतोय. "काही नाही हो, परवा गुडघा धरला होता, तो उतरला तर आता घोटा सुजलाय. खेळताना लागलं असेल."

तुमचा जीव एकदम दचकतो. कल्याणचं माजघर, भिंतीला टेकून झोपलेली ती मुलगी, दोन ठोक्यांच्या मधला तो लांब आवाज.

"त्याआधी घसा दुखला होता का? ताप?"

"हो, तीन आठवड्यांपूर्वी. का हो?"

आता हातात इलाज आहे. वेळेत ओळखलं तर पेनिसिलिन, आणि पुन्हा घसा धरू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, वर्षानुवर्षं. दुखतं, पोरं रडतात, आया पाळ्या चुकवतात. पण चुकवलं नाही तर त्या मुलाची झडप बहुधा कुठल्याच सर्जनला बघावी लागणार नाही.

तुम्ही चप्पल काढतच नाही. "चला," तुम्ही म्हणता. "आत्ताच डॉक्टरांकडं. मी येतो सोबत." आई वर जायला वळलेली असते. तुमच्याकडं बघते, मुलाच्या घोट्याकडं बघते, आणि न सांगता पुन्हा जिना उतरू लागते.